कोलोनचे कॅथेड्रल एका दिवसात नीट कसे पाहावे?

जुळे सोलापूर:
नमस्कार. मी आणि सौ. येत्या सप्टेंबरमध्ये प्रथमच जर्मनीला मुलीकडे जाणार आहोत. ती ड्युसेलडॉर्फला असते. कोलोन तिथून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास असल्याने तेथील कॅथेड्रलसाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा, असे माझ्या मनात आहे. मुलीच्या मते ते तासाभरात पाहून होते. मला मात्र तसे पाहायचे नाही. विजापूरचा गोलघुमट मी आजवर नऊ-दहा वेळा पाहिला असेन, कारण घरी पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावेच लागते. परंतु वरच्या सज्जात जाऊन टाळी वाजवणे आणि सात वेळा घुमलेला आवाज मोजणे यापलीकडे मी तेथे काहीच पाहिले नाही, हे निवृत्तीनंतर लक्षात आले. तीच चूक परदेशात करायची नाही. पाहण्यास सुरुवात कोठून करावी? मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चौसष्टाव्या वर्षी चढाव्यात का? सौ.चे गुडघे दुखतात, त्यामुळे ती खालीच थांबेल. आणखी एक शंका म्हणजे आम्ही ख्रिस्ती नाही, तर प्रार्थना चालू असताना आत बसणे योग्य दिसेल का?

होटगी रोड:
मी बांधकामशास्त्र शिकवत असे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

कोलोन स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच ती काळपट इमारत अंगावर आल्यासारखी वाटते आणि माणूस नकळत समोरच्या दारातून आत शिरतो. तसे करू नका. प्रथम बाहेरून वळसा घालून पूर्वेकडे, म्हणजे वेदीच्या मागील बाजूस जा आणि तेथे पंधरा मिनिटे उभे राहून केवळ भार कसा उतरतो ते पाहा. गोलघुमटाचा भार सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंती पेलतात, म्हणून तेथे खिडक्या लहान आणि आत अंधार. येथे भिंत जवळजवळ काढूनच टाकली आहे आणि तिच्या जागी काच बसवली आहे. मग दगडी छताचा भार कोण घेते? छताला आतून बरगड्यांसारख्या दगडी कमानी आहेत, त्या भार एकवटून खांबांवर आणतात, आणि कमानींचा बाहेरच्या दिशेने जो रेटा येतो तो अधांतरी वाटणारे तिरपे दगडी धिरे बाहेरच्या भक्कम स्तंभांकडे नेतात. शिडी भिंतीला लावली की तिचा पाय बाहेर सरकू पाहतो, म्हणून आपण खाली कोणाला तरी पाय लावून उभे करतो. धिऱ्याचे काम तेच आहे. स्तंभांच्या डोक्यावरील टोकदार शिखरे निव्वळ शोभेची वाटतात, पण त्यांचे वजन तो तिरपा रेटा खालच्या दिशेला वळवण्यास मदत करते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की आत गेल्यावर डोक्यावर ४३ मीटर उंचीवर असलेले छत, म्हणजे आपल्याकडची चौदा मजली इमारत मावेल एवढी पोकळी, कशी उभी राहिली असा प्रश्न पडत नाही. तेथेच वर पाहिल्यास प्राण्यांच्या तोंडाच्या दगडी पन्हाळी दिसतील. आपल्याकडील गोमुखाप्रमाणे पाणी भिंतीपासून दूर फेकणे एवढाच त्यांचा उद्देश आहे.

आता कालक्रम. पायाभरणी १५ ऑगस्ट १२४८ रोजी झाली (तारीख आपल्याला विसरता येण्यासारखी नाही, त्यांच्याकडे तो मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण). वेदीकडील भाग १३२२ मध्ये पूर्ण होऊन वापरात आला आणि पुढे सोळाव्या शतकात काम बंद पडले. अर्धवट राहिलेल्या दक्षिण मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली, ती १८६८ पर्यंत. कित्येक पिढ्यांनी ही यारी म्हणजेच शहराची ओळख मानली असेल. दर्शनी भागाच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मस्टाट येथे व उरलेला अर्धा १८१६ मध्ये पॅरिस येथे सापडला. काम १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये, १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाल्यावर, ते संपले. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो तो दर्शनी भाग बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि छपराचा सांगाडाही त्याच शतकातला, लोखंडी आहे. काहींना हे कळल्यावर फसवणूक झाल्यासारखे वाटते. माझ्या मते सुमारे सहा शतकांपूर्वीच्या त्या आराखड्याशी एवढे प्रामाणिक राहणाऱ्या कारागिरांचे कौतुकच केले पाहिजे.

अशोक चौक:
सरांचे विवेचन उत्तम आहे, पण क्रमाविषयी माझा मतभेद आहे. धिरे ढगाळ हवेतही दिसतात, काचा दिसत नाहीत. ऊन पडले असेल तर प्रथम आत जा. सकाळी वेदीमागील काचा उजळतात, आणि दुपारी क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीच्या दक्षिणेकडील बाहूतील मोठी खिडकी, जी गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने केली असून २००७ मध्ये बसवली गेली. तिच्यात ना संत आहेत, ना प्रसंग. आहेत ते सुमारे अकरा हजार रंगीत चौकोन, ७२ रंगांचे, आणि कोणता रंग कोठे यावा हे बव्हंशी संगणकाने यदृच्छेने ठरवलेले. आमचे घराणे चादरीच्या धंद्यातले. जॅकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, डिझाइन आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढताना मी वडिलांना पाहिले आहे, त्यामुळे त्या खिडकीसमोर बसल्याबसल्या मी सवयीने रिपीट, म्हणजे तोच नमुना पुन्हा कोठे येतो ते, शोधू लागलो. चादरीसारखा रिपीट सापडला नाही. मात्र काही उभे पट्टे एकमेकांची आरशातील प्रतिमा असल्याचे बऱ्याच वेळाने लक्षात आले आणि मला आमच्याच मागावर पकडल्यासारखे वाटले. तत्कालीन आर्चबिशपना ही खिडकी रुचली नव्हती. मला त्या इमारतीत तीच सर्वाधिक आवडली. ऊन असेल तेव्हा तिचे रंग समोरच्या फरशीवर आणि माणसांच्या कपड्यांवर पडतात. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर काही वेळ हिरवा आणि जांभळा चौकोन शेजारी शेजारी होते.

प्रार्थनेबाबत: बसण्यास हरकत नाही, परंतु प्रार्थनेच्या वेळी फिरणे आणि फोटो काढणे बंद असते. मी रविवारी सकाळी पोहोचलो आणि हे माहीत नसल्याने तासभर बाहेरच्या वाऱ्यात उभा राहिलो. रविवार टाळा.

सात रस्ता:
काका, मी कोलोनमध्ये चार वर्षे राहिले आहे, त्यामुळे व्यवहाराचे तेवढे सांगते. मनोऱ्याला लिफ्ट नाही. जिना गोल, अरुंद आहे आणि चढणारे व उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, म्हणून सकाळी उघडताच जावे. गोलघुमटाचा जिना न थांबता चढत असाल तर हाही चढाल, पण गोलघुमटाच्या कित्येक पट वेळ लागेल हे धरून चाला. वाटेत घंटांची खोली लागते. त्यातील मोठी घंटा १९२३ मध्ये ओतलेली, २४ टन वजनाची आहे आणि ती केवळ मोठ्या सणांना वाजवतात. सज्जा सुमारे ९७ मीटरवर आहे. मनोऱ्याचे तिकीट वेगळे काढावे लागते.

काकूंना एकटे बसवून ठेवू नका. त्यांना वेदीमागे न्या, चढण अजिबात नाही. तेथे, बाळ येशूच्या दर्शनाला आले असे मानल्या जाणाऱ्या तीन राजांच्या अस्थींची सोन्याने मढवलेली पेटी आहे. या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून आणल्या गेल्या, यात्रेकरू लोटू लागले आणि त्यांच्यासाठीच एवढे मोठे मंदिर हवे झाले. वेदीभोवतीचा मार्ग हा सरळसरळ प्रदक्षिणामार्ग आहे, काकूंना काही समजावून सांगावे लागणार नाही. तेथून उत्तरेच्या बाजूस दहाव्या शतकातील, ओक लाकडात कोरलेला क्रुसावरील ख्रिस्त आहे. तो मान टाकलेला, पोट सुटलेला, अगदी थकलेल्या माणसासारखा आहे. मी त्या चार वर्षांत सर्वाधिक वेळा त्याच्यासमोरच थांबले.

आत पुरुषांनी टोपी काढावी. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्या स्थानकावरच ठेवता येतात. सप्टेंबरमध्येही आत गारवा असतो, काकूंसाठी शाल घ्या. प्रवेशाच्या वेळा व शुल्क आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर तपासावे.

जुळे सोलापूर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऊन असेल तर आधी खिडकी, ढग असतील तर आधी धिरे, असे ठरवले आहे. सौ.ने हे सर्व वाचले आणि प्रदक्षिणामार्ग आहे म्हटल्यावर तिचा विचार बदलला. आता तिचे म्हणणे असे, की मनोऱ्यावर मी एकट्याने जावे, तोवर ती मुलीला घेऊन प्रदक्षिणा करून घेईल.