शब्दचर्चा : दगडाला भोक ‘पाडतात’, ‘मारतात’ की ‘विंधतात’?

उखळवाली :
आजोळचं दगडी उखळ गच्चीत आणलंय, त्यात झाड लावायचं आहे. पाणी निथळायला तळाला एक भोक हवं. तळ चार बोटं जाड, दगड आपला नेहमीचा काळा. एसी बसवणाऱ्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटांत होल मारून देतो.” वीस मिनिटांनी त्याच्या ड्रिलच्या बिटाचं टोक निळं पडलं होतं, गच्चीभर जळका वास सुटला होता आणि उखळात तिळाएवढा खड्डा झाला होता.

मग पाटे-वरवंटे टाकवून देणारे एक आजोबा मिळाले. ते म्हणाले, “भोक पाडून देतो, पण दुपार जाईल.” त्यांनी उखळ पालथं घातलं आणि आधी बुडाकडून सुरुवात केली. प्रत्येक घावानंतर छिन्नी मनगटात जराशी फिरवायची, चार-पाच घावांनी भुकटी फुंकायची, मधेच पाण्याचा शिपका. निम्म्यावर आल्यावर उखळ सुलटं केलं आणि आतून दुसरी बाजू धरली. एकाच बाजूने गेलं तर शेवटच्या घावाला पलीकडची खपली उडते, असं म्हणाले. आरपार व्हायच्या जरा आधी आवाज बदलला. इतका वेळ टणटण वाजणारा दगड एकदम बद्द बोलायला लागला. भोक डमरूसारखं झालंय, दोन्ही तोंडं रुंद आणि मधे अरुंद.

प्रश्न झाडाचा नाही, तो सुटला. एकाने होल ‘मारतो’ म्हटलं, दुसऱ्याने भोक ‘पाडतो’ म्हटलं. हा फरक हत्याराचा की माणसाचा?

मांजऱ्या :
हत्याराचाच. आमच्या वडलांनी नगर भागात विहिरी खोदल्या. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक (माझं इथलं नाव तिथलंच), आणि त्याखाली काळा पाषाण लागला की कुदळ बाजूला ठेवायची. मग पहार. पहार उचलायची, सोडायची, उचलताना थोडी फिरवायची. फिरवली नाही तर भोक गोल राहत नाही, तिकोनी होतं आणि पहार अशी अडकते की काढायला दुसरी पहार लागते. भोकात पाणी ओतायचं म्हणजे भुकटीचा राडा होतो, तो लांब दांड्याच्या पळीने उपसायचा. राडा अंगावर उडू नये म्हणून पहारीला भोकाच्या तोंडाशी चिंधी गुंडाळायची. खोली पुरेशी झाली की दारू ठासायची, वात लावायची आणि विहिरीबाहेर पळायचं. या कामाला घरात सगळे ‘भोक पाडणं’च म्हणत.

पुढे ट्रॅक्टरवरचे कॉम्प्रेसर आले. ट्रॅक्टरवाला फुटाच्या हिशेबाने पैसे घेतो आणि ‘होल मारतो’. ‘होल पाडले’ असं आमच्याकडे कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही.

शब्दांचा सोस :
मांजऱ्यादादा, निरीक्षण पटलं, निष्कर्ष नाही. ‘मारणे’ यंत्राबरोबर आलेलं नाही. रंधा मारतात, खिळा मारतात, जात्याला टाकीसुद्धा मारतात, आणि हे सगळं हातानेच. मराठीत बाहेरून आलेल्या नामाला बसायला क्रियापद लागतं आणि ‘मारणे’ त्यासाठी कायम मोकळं असतं. फोन मारला, प्रेस मारली, स्प्रे मारला, तसाच होल मारला.

दोन्हींत फरक आहे, पण तो नजरेचा. ‘पाडणे’ हे ‘पडणे’चं प्रयोजक. त्यात लक्ष दगडाकडे आहे, त्याला काय झालं याकडे. ‘मारणे’मध्ये लक्ष कामाकडे आहे, म्हणून ते मोजता येतं : “आज बारा होल मारले.” फुटावर पैसे घेणाऱ्याला मोजता येणारंच क्रियापद लागणार. याच न्यायाने बोअरकडे बघा. गाडीवाला बोअर ‘मारतो’, शेतकरी बोअर ‘घेतो’ (पैसे त्याचे जातात), आणि सरकारी कागदावर तीच ‘विंधन विहीर’ होते. भोक एकच, क्रियापदावरून बोलणारा ओळखावा.

आणखी एक कारण कुणी उघड बोलत नाही. ‘भोकात गेला’ वगैरेंमुळे तो शब्द चारचौघांत अवघडल्यासारखा झालाय. ग्राहकासमोर ‘होल’ सभ्य वाटतं. एसीवाल्या मुलाच्या घरीही भोकच म्हणत असतील!

उखळवाली :
हे मान्य. माझ्याशी बोलताना ‘होल’ म्हणणारा तो फोनवर कुणाला तरी “अरे भोकच पडंना” म्हणत होता.

सब्बल :
विदर्भातून एक भर. तुमची पहार आमची सब्बल. टोक बोथट झालं की लोहाराकडे ‘पाजवून’ आणायची. लोहार ती तापवून टोक ठोकतो आणि मग ‘पाणी देतो’, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करतो. पाणी जास्त झालं तर टोक काचेसारखं तडकतं, कमी झालं तर दगडावर वाकतं. हाताच्या कामात भोकाइतकाच वेळ टोकात जायचा. त्या निळ्या पडलेल्या बिटाचं पाणीच उतरलं होतं, दुसरं काही नाही. साधं ड्रिल नुसतं गरगर फिरतं. कठीण दगडाला घाव लागतो. फिरता फिरता ठोकणारं मशीन आणि कार्बाइडचं टोक असतं तर उखळाचं काम खरंच पाच-दहा मिनिटांत झालं असतं. आजोबांचं मनगट जे करत होतं तेच ते मशीन मिनिटाला हजारो वेळा करतं.

पारयवालो :
मालवणीत पारय. बाकी आमच्या जांभ्याक भोक पाडूक कसली टाकी नि कसला पाणी! खाणीतून काढलो की मऊ, वाऱ्यावर ठेवलो की कठीण. भोक पाडूचा तर आधीच पाडून घेवचा.

वेज :
‘विंधणे’ कागदावरचं म्हणून सोडून देऊ नका, ते या घरातलं जुनं माणूस आहे. संस्कृत ‘व्यध्’ म्हणजे भोसकणे, त्याच धातूच्या कुळातलं आपलं विंधणे. मोती विंधतात, बाणाने विंधतात. ‘वेध’ त्याचाच भाऊ. आणि ‘वेध्य’चं झालं ‘वेज’. संध्याची सांज झाली, मध्यचं माजघरातलं माज झालं, तसंच हे. कानातलं बरेच दिवस घातलं नाही की “वेज बुजलं” म्हणतात ते हेच. मण्याच्या, मोत्याच्या, कानाच्या भोकाला वेज म्हणायचं. उखळाच्या भोकाला वेज म्हटलं तर आजोबा हसतील.

उखळवालीताईंचं डमरू वाचून मला मणी आठवले. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांनी इंद्रगोपाचे (लाल अकीकाचे) लांब मणी दोन्ही टोकांकडून विंधले आहेत, खास कठीण दगडाची टोकं वापरून. तसं करून पाहणाऱ्या अभ्यासकांना तासाला दोन-अडीच मिलिमीटरच पुढे जाता आलं, म्हणजे एका लांब मण्याला कित्येक दिवस. खंबातचे कारागीर पुढे सळईच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवून धनुकलीने ती फिरवू लागले. सुताराचा सामता (धनुकलीने फिरवायचं भोक पाडायचं हत्यार) याच जातीचा. इथे घाव नाही, घासणं आहे. मण्याला घाव सोसत नाही.

इजिप्तमध्ये तर तांब्याच्या नळीने ग्रॅनाइटला भोकं पाडली आहेत. तांबं ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी मऊ. कापते ती नळीखालची वाळू, नळी फक्त तिला फिरवते. भोक पूर्ण झालं की मधला गाभा अख्खा निघतो. आज एसीच्या पाइपासाठी भिंतीत ‘कोअर मारतात’ तो तोच प्रकार, फक्त वाळूच्या जागी हिऱ्याची कणी आणि हाताच्या जागी मोटर.

शब्दांचा सोस :
‘टाकी’ मात्र राहिली. संस्कृत ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि नाणंही. त्यामुळे पाथरवटाची टाकी, टाकसाळ आणि टंकलेखन एका कुळातले. गडावरची पाण्याची टाकी ही ‘टाके’चं अनेकवचन, ती वेगळी. तरी टाकीने टाकी खोदली हे वाक्य मराठीतच शक्य आहे.

काळा पाषाण :
भोकावर एवढं बोललात आणि सुरुंग विसरलात? मांजऱ्यांचं भोक ज्यासाठी पाडतात तो सुरुंग. मराठीत सुरुंग म्हणजे दारू ठासलेलं भोक. हिंदीत सुरंग म्हणजे आपला बोगदासुद्धा. मूळ अर्थ भुयारच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ आहे, आणि ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी, त्यावरून तो आला असं भाषातज्ज्ञ मानतात. डॉक्टरांची सिरिंज त्याच शब्दाची. भुयारातून दारूकडे तो कसा सरकला हे 1660 च्या चाकणच्या वेढ्यात दिसतं. शाएस्तेखानाच्या माणसांनी बुरुजाखाली भुयार खणलं, त्यात दारू भरली आणि बुरूज उडवला. भुयार आणि स्फोट एकाच कामाचे दोन भाग. पुढे शब्द स्फोटाकडे राहिला.

बोगद्यांवरून आठवलं. भोर घाटाची, म्हणजे खंडाळ्याच्या घाटातली, रेल्वे 1863 साली सुरू झाली, वाटेत 25 बोगदे. तेव्हा डायनामाइट नव्हता, त्याचं पेटंट 1867 चं. म्हणजे साधी काळी दारू आणि हाताने पाडलेली भोकं. त्याच काळात, 1861 पासून, आल्प्समधल्या माँ सनीच्या बोगद्यात दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिलं ठोकत होती. खंडाळ्याच्या कातळात मात्र हात होते, आणि ते काम करताना हजारो माणसं मेली, बरीचशी रोगराईने.

मांजऱ्या :
सोससाहेबांचं ‘मोजता येणारं क्रियापद’ पटलं. वडलांना विचारलं. ते म्हणाले, पहारीच्या दिवसांत मजुरी रोजावर होती, भोकावर नव्हती.

उखळवाली :
मग माझं ठरलं. उखळाला भोक ‘पाडलं’, एसीवाल्याने होल ‘मारायचा प्रयत्न’ केला. आता कुणीतरी सांगा, बोअर ‘मारला’ की ‘मारली’? आमच्या इमारतीच्या सभेत दोन्ही गट आहेत.

सब्बल :
पाणी लागलं तर कसंही म्हणा. कोरडा गेला तर तो ‘बोअर’, पुल्लिंगी, आणि मागे शिवी.