30-3 च्या बेसबॉल सामन्यात ‘सेव्ह’ कशाचा?

डावखुरा:
22 ऑगस्ट 2007, बाल्टिमोर. डबलहेडरचा (एकाच दिवशी दोन सामने) पहिला सामना, टेक्सस रेंजर्स 30, ओरिओल्स 3. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, एका संघाच्या तीस धावा 1897 नंतर पहिल्यांदाच झाल्या. गंमत म्हणजे तिसऱ्या इनिंगनंतर रेंजर्सच 0-3 ने मागे होते. मग चौथ्या इनिंगमध्ये 5, सहाव्यात 9, आठव्यात 10, नवव्यात 6. बाकी पाच इनिंगमध्ये भोपळा!

हा बॉक्स स्कोर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) मी कितीदा तरी वाचलाय आणि दर वेळी एकाच ओळीवर अडतो: वेस लिटलटन, 3 इनिंग, सेव्ह. लिटलटन हा रेंजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; सेव्ह म्हणजे आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावरची नोंद. तो सातव्या इनिंगमध्ये आला तेव्हा 14-3 होते. आघाडी तीन धावांच्या आत असेल तर शेवटची इनिंग टाकणाऱ्याला सेव्ह मिळतो, हे पटतं. पण शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या तर आघाडी कितीही असली तरी सेव्ह मिळतो, हे कलम काढून टाकायला हवं. यँकीजचा पिचर मारियानो रिवेराच्या 652 सेव्हमध्ये एकेका धावेची आघाडी जपण्याचा ताण आहे. लिटलटनचा सेव्हही त्याच रकान्यात, त्याच वजनाने बसतो. हे मला मान्य नाही.

मीनल_शिकागो:
पूर्ण असहमत. अकरा धावांची आघाडी म्हणजे सामना संपला, हे कोणी ठरवलं? 17 मे 1979, शिकागोचं रिग्ली फील्ड मैदान. पाचव्या इनिंगच्या मध्याला फिलाडेल्फियाचे फिलीज 21, शिकागोचे कब्ज 9. बारा धावांची आघाडी! कब्जनी त्याच इनिंगमध्ये 7, सहाव्यात 3 आणि आठव्यात 3 काढून 22-22 केलं; फिलीजना तोवर आणखी एकच धाव मिळाली होती. शेवटी दहाव्या इनिंगमध्ये माइक श्मिटच्या होमरनवर (चेंडू मैदानाबाहेर टोलवून) फिलीज 23-22 ने जिंकले. त्या दिवशी फिलीजकडे तीन इनिंग शांतपणे टाकणारा कोणी असता तर?

डावखुरा:
मीनलताई, त्या दिवशी रिग्लीवर वारा मैदानाबाहेर वाहत होता, दोन्ही संघांचे मिळून 11 होमरन झाले. बाल्टिमोरला तिसऱ्या इनिंगनंतर ओरिओल्सची एकही धाव नाही. दोन्ही दिवस एका मापाने कसे मोजणार?

मीनल_शिकागो:
निकाल लागल्यावर तुम्ही मोजताय. सातव्या इनिंगमध्ये चेंडू हातात घेणाऱ्याला पुढचं कुठे दिसतं?

पेन्सिलवाला:
मी कॅलिफोर्नियात मुलांच्या लीगमध्ये स्कोअर लिहितो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्या सामन्याची आठवी इनिंग डोळ्यासमोर आणा. सातवी टाकून लिटलटन बाकावर बसला आणि त्याच्या संघाने दहा धावा काढल्या. एवढा वेळ बसून खांदा गार पडतो, हे कुठल्याही पिचरला विचारा. मग पुन्हा उठून आठवी टाकायची, पुन्हा बसायचं, आणखी सहा धावा होऊ द्यायच्या आणि नववी टाकायची. शिवाय दुसरा सामना त्याच दिवशी होता. एकाने तीन इनिंग ओढल्या म्हणून बाकीच्यांचे हात ताजे राहिले. दुसरा सामना रेंजर्स 9-7 असा जिंकले, म्हणजे ते हात लागलेच.

डावखुरा:
पेन्सिलवाला, बाकावरच्या खांद्याचा विचार मी केला नव्हता, हे कबूल. पण हे काम वेगळं आहे, तर त्याला वेगळा रकाना द्या. दमलेल्या संघाचा भार वाहणं आणि निसटता सामना धरून ठेवणं, दोन्हीला एकच शब्द वापरला की दोन्ही कामं झाकली जातात.

गच्चीवरून:
सेव्हवरून भांडताना त्या पानावरचं खरं नवल सुटतंय. फलंदाजीच्या क्रमात तळाला असलेले रेंजर्सचे साल्टालामाकिया आणि व्हास्केझ, दोघांनी प्रत्येकी दोन होमरन मारले आणि प्रत्येकी 7 धावा आणल्या. तीसपैकी चौदा!

मीनल_शिकागो:
ते नवल आहेच. पण डावखुरा, वेगळ्या रकान्याला माझी हरकत नाही. 1969 पासून सेव्ह अधिकृत झाला, तसा हाही होऊ दे. तोवर लिटलटनचा खोडायचा नाही.

डावखुरा:
जुना खोडा असं मी म्हणतच नाही. कलम बदला, पुढच्या सामन्यांपासून.