हॉलची किल्ली

(सोसायटीचा ग्रुप, अक्कलकोट रोड, सोलापूर. रविवार, 16 मे 2021)

बिराजदार काका, सेक्रेटरी (6:48)
सर्व सभासदांस नम्र सूचना. निर्बंध 1 जूनपर्यंत वाढले आहेत. कमिटीने ठरविले आहे की, दवाखान्याबाहेर डबे पोचविण्यास व लसीच्या रांगेत मदतीस जाणाऱ्या मुलामुलींनी उद्यापासून लिफ्ट वापरू नये, जिन्याने जावे. कामवाल्या बाया गेटच्या आत येणार नाहीत. हॉलमध्ये लसनोंदणीसाठी टेबल लावण्याची मुलांची विनंती नामंजूर करण्यात येत आहे. सहकार्य करावे. 🙏

देशमुख 201 (6:50)
👍 योग्य निर्णय साहेब.

देशमुख 201 (6:51)
*Forwarded बहुत बार* ओवा, कापूर, लवंग पुरचुंडीत बांधून दिवसभर हुंगा. ऑक्सिजन लगेच वाढतो. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

नसरीन आपा 304 (6:58)
देशमुख भाऊ, कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. 94 च्या खाली गेला तर मला फोन करा, पुरचुंडी बांधत बसू नका.

ओंकार 203 (7:02)
आम्ही एवढं करलालाव ते कुणाला दिसंना का?? परवा लिफ्ट बंद होती तवा देशमुख काकांचा सिलिंडर कोण वर नेला बे

ओंकार 203 (7:02)
हा संदेश हटवण्यात आला

ओंकार 203 (7:03)
सॉरी काका, 'बे' चुकून आलं

कोंडा काकू 301 (7:05)
माझी कंबर काम करत नाही. लक्ष्मी आली नाही तर भांडी कोण घासणार? महिना झाला.

श्रुती 402 (7:21)
काका, नोटीस वाचली. जिन्यानं जायला काही नाही, चौथाच मजला आहे. पण ठरवायच्या आधी आम्हाला एकदा विचारायचं तरी. सकाळी 7 ते 11 मध्ये अकरा घरांचा किराणा आम्ही आणतो. संध्याकाळी ऑक्सिमीटर घेऊन दारोदार आम्हीच फिरतो. (कोंडा काकूंचं रीडिंग 88 आलं आणि सगळी बिल्डिंग हादरली, त्या दिवशी कारण निघालं नेलपेंट! तेही आम्हीच शोधलं.)

हॉल कशाला पाहिजे ते सांगते. लक्ष्मीअक्का विडी घरकुलात राहते. सकाळी आपल्याकडं तीन घरची भांडी, दुपारनंतर विड्या. वय 52. लसीला दोनदा पहाटे 5 वाजता जाऊन उभी राहिली, दोन्ही वेळा टोकन तिच्या पुढंच संपलं. मग म्हटलं ऑनलाइन करू, म्हणून मी तिच्या घरी गेले. पोर्टल सगळं इंग्रजीत. अक्का तेलुगू बोलते, मराठी बोलते, वाचता दोन्ही येत नाही. घरात फोन एकच आणि तो पोराजवळ. पोरगा भिवंडीला लूमवर. ओटीपी जातो त्याला. इथं स्क्रीनवर 180 सेकंद उलटे पळायला लागतात आणि तिथं मागाच्या खडखडाटात त्याला रिंगच ऐकू येत नाही. तीनदा वेळ संपली. चौथ्यांदा उचलला. त्यानं आकडे तेलुगूत सांगितले, अक्कानं मला मराठीत सांगितले आणि सांगता सांगता मधला एक गिळला. सहाऐवजी पाचच आकडे. परत पहिल्यापासून.

एवढा वेळ ती सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती. मी म्हटलं, अक्का जरा थांब ना. म्हणाली, तुझा आकडा येईपर्यंत माझ्या पन्नास होतात. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय हिशेब होत नाही तिचा.

शेवटी माझा नंबर घातला. एका नंबरवर चारच माणसं बसतात. माझे चार संपले, ओंकारच्या घरचे चार संपले. पप्पांच्या नंबरवर दोन जागा आहेत, त्या मी त्यांना न विचारताच धरून ठेवल्यात. (पप्पा, सॉरी.) आणि 8 तारखेपासून चार आकडी कोड आलाय, तो केंद्रावर सांगावा लागतो. म्हणजे नोंदणी करून भागत नाही, तो कोड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्या हातात द्यावा लागतो.

आम्ही पंचवीस घरांत जाऊन बसण्यापेक्षा दोघी दोघी हॉलवर आल्या तर गर्दी कमी होईल, एवढंच म्हणणं होतं. आमच्या 18 ते 44 वाल्यांची लस राज्यात सध्या थांबवलीय, 45 च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसला साठा पाहिजे म्हणून. त्याची तक्रार नाही. पण डोस न मिळालेल्यांनी बाहेर हिंडायचं, आणि त्यांनी लिफ्टमध्ये पाय ठेवायचा का नाही हे डोस झालेल्यांनी आत बसून ठरवायचं, हे काही पटलं नाही.

जोशी आजोबा 102 (7:24)
श्रुती, दुसऱ्या डोसचे अंतर बदलले असे बातम्यांत सांगत होते. माझा पहिला कोविशिल्ड 5 एप्रिलचा. मग दुसरा कधी?

श्रुती 402 (7:25)
आजोबा, आता 12 ते 16 आठवडे केलंय. तुमचे 12 आठवडे 28 जूनला होतात. लिहून ठेवलंय, मी करते बुक.

देशमुख 201 (7:29)
समाजकार्यच करायचं तर तरुणांनी उजनीवर बोलावं. पाच टीएमसी पाणी इंदापूरला न्यायचा आदेश निघाला, आणि धरणाच्या नावानं जगणाऱ्या सोलापूरला नळ चार दिवसाआड. ते सोडून रांगेत काय उभारता?

ओंकार 203 (7:31)
त्यावर पण करलालाव की काका. मेल पाठवा म्हणून मजकूर तुम्हालाच दिला होता. तुम्ही अंगठा दाखवलात.

बिराजदार काका, सेक्रेटरी (7:36)
विषय भरकटवू नका. श्रुती, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण हॉल ही संस्थेची मालमत्ता आहे आणि उपविधीप्रमाणे निर्णय सभासद घेतात. फ्लॅट तुझ्या वडिलांच्या नावावर आहे. तू सभासद नाहीस. उद्या कुणी बाधित झाले तर जाब मला विचारतील, तुम्हाला नाही.

श्रुती 402 (7:38)
म्हणजे पुढच्या वर्षी महापालिकेला माझं मत चालणार, सोसायटीच्या हॉलला नाही.

ओंकार 203 (7:39)
आणि कमिटीची मुदत पण संपलीय ना काका? निवडणुका पुढं ढकलल्यात म्हणून चालू आहे. आमची बारावी पण ढकललीय. परीक्षा होणार का नाय तेच कळंना. आम्हाला पण असंच मुदतवाढ देऊन पास करा 😀

बिराजदार काका, सेक्रेटरी (7:40)
ओंकार, वडिलांना फोन देणे.

नसरीन आपा 304 (7:52)
आत्ता जेवून बसले. काका, मी आज किट घालून वॉर्डात होते आणि येताना लिफ्टनंच आले. नोटिशीत माझं नाव नाही, पण उद्यापासून मीपण जिना का?

बिराजदार काका, सेक्रेटरी (7:54)
आपण वैद्यकीय कर्मचारी. आपला प्रश्नच नाही.

नसरीन आपा 304 (7:57)
ही पोरं दवाखान्याच्या गेटबाहेरून डबा देऊन येतात, मी आतून येते. भ्यायचंच असेल तर मला भ्या. लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, मास्क नाकाच्या खाली नाही, झालं. हॉलच्या सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा चालू, आत चारच्या वर माणूस नको. तेवढं पाळलं तर आमच्या ओपीडीपेक्षा बरा राहील तुमचा हॉल.

जोशी आजोबा 102 (8:06)
मी सहसा मध्ये पडत नाही. पण तारीख बघून राहवले नाही. याच महिन्यात, 1930 साली, पोलीस सोलापूर सोडून गेले होते. 9 मेपासून तीनचार दिवस शहरात सरकार म्हणून कुणी नव्हते. तेव्हा रहदारीला चौकात काँग्रेसची स्वयंसेवक पोरे उभी होती. मग 12 तारखेला मार्शल लॉ लागला. पुढे ज्या चौघांना फाशी झाली, त्यातले जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन विशीतले. आपण चार पुतळ्यांपाशी रिक्षा थांबवायला सांगतो ते हेच. माझे वडील सांगत, त्या पोरांना सभासद आहात का असे कुणी विचारले नव्हते.

बिराजदार काका, सेक्रेटरी (8:09)
गुरुजी, तुमच्यापुढे काय बोलणार. पण ते स्वातंत्र्याचे होते, इथे सॅनिटायझरचा खर्चसुद्धा ऑडिटला दाखवावा लागतो.

कोंडा काकू 301 (8:10)
सॅनिटायझर मी देते. पाच लिटरचा कॅन पडून आहे.

श्रुती 402 (8:13)
काकू, थँक्यू. अजून एक विचारायचं होतं. नोटिशीत बाया आत येणार नाहीत म्हटलंय, पगाराचं काही नाही. अक्काचा एप्रिलचा पगार तीन घरांपैकी एकाच घरानं दिलाय.

देशमुख 201 (8:15)
हा संदेश हटवण्यात आला

कोंडा काकू 301 (8:31)
दिला आत्ता. पोराच्या नंबरवर पाठवला. तिला सांग.

बिराजदार काका, सेक्रेटरी (8:47)
कमिटीच्या तिघांशी फोनवर बोललो. लिफ्टबाबतचे वाक्य मागे घेत आहे. एका वेळी एक व्यक्ती, हा नियम सर्वांना, मलासुद्धा. हॉल उद्यापासून सकाळी 10 ते 12, फक्त नोंदणीसाठी. आत दोन बाया व दोन मुले. बाकीच्यांनी व्हरांड्यात अंतर ठेवून थांबावे. रजिस्टर ठेवणे. आधारचे फोटो काम झाल्यावर फोनमधून काढून टाकणे, हे मला डोळ्यांनी पाहायचे आहे. कामवाल्यांचा विषय मंगळवारी.

कोंडा काकू 301 (8:49)
हॉलपर्यंत आली तर तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला काय होतं?

बिराजदार काका, सेक्रेटरी (8:50)
मंगळवारी म्हटले ना वहिनी.

श्रुती 402 (8:52)
काका 🙏 आधारचं बरोबर आहे, ते आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

बिराजदार काका, सेक्रेटरी (8:58)
आणि मघाशी मी अर्धेच सांगितले, ते पूर्ण करतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर सभासद आपल्या मुलाची किंवा मुलीची लेखी शिफारस करून त्यांना सहयोगी सदस्य करू शकतो. सभासदाच्या लेखी संमतीने त्याच्या गैरहजेरीत त्यांना मत देता येते. तरतूद आहे. आजवर कुणी अर्जच केला नाही, म्हणून मी बोललो नाही.

ओंकार 203 (8:59)
मला सप्टेंबरात 18 लागतात. लक्षात असू द्या काका

देशमुख 201 (9:03)
तौक्ते वादळामुळे आज रात्री वारे. बाल्कनीतल्या कुंड्या आत घ्या. (मीही पाठवला पगार. मघाशी दुसरंच काही टाइप झालं होतं.)

गायकवाड 402 (9:20)
श्रुतीचा बाप. ग्रुपवर वाचतो, लिहीत नसतो. श्रुती, माझ्या नंबरवर त्या दोघींची नावं घाल, मी उद्या फोन जवळच ठेवतो. बिराजदार साहेब, तो सहयोगी सदस्याचा फॉर्म कुठं मिळंल?

बिराजदार काका, सेक्रेटरी (9:24)
ऑफिसच्या कपाटात आहे. प्रवेश फी 100 रु. रोख द्या, बँकेची रांग नको.

गायकवाड 402 (9:25)
उद्या 10 ला हॉलवर आणता?

बिराजदार काका, सेक्रेटरी (9:25)
आणतो. किल्ली माझ्याकडेच आहे.

ओंकार 203 (9:27)
काका टेबल दोन लागतील. एकाचा पाय मोडलाय, गणपतीपासून तसाच पडलाय. मी खाली विटा लावतो