पोर्टफोलिओत काय ठेवू, काय काढू? (ब्रँडिंग आणि चित्रपट पोस्टर, बडोदा)

केशरी_शाई
नमस्कार. बडोद्यात अप्लाइड आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ जमवतेय. ब्रँडिंगची दोन कामं आहेत: मावशीच्या घरगुती फराळाचा लोगो, लेबल आणि पिशवी, शिवाय एक काल्पनिक कॉफी शॉप. पोस्टरं बरीच आहेत. काही गाजलेल्या सिनेमांची नव्याने केलेली, तीन माझ्याच डोक्यातल्या एका रहस्यपटाची. फराळाच्या लोगोत सगळी अक्षरं एका लांब शिरोरेषेला टांगली आहेत. मावशीला गुजरातीतही पाटी हवी आहे, तिथेच गाडी अडली. कृपया सुचवा. पोस्टरच्या शीर्षकाला कुठला फॉन्ट घ्यावा, तेही सांगा.

अक्षरवळण
फराळाचं काम सगळ्यात पुढे ठेव, आणि तुझं जिथे अडलंय तेच सविस्तर दाखव. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, म्हणजे तुझ्या लोगोचा कणाच तिथे नाहीसा होतो. गुजरातीवर ओढूनताणून रेष मारू नकोस, बडोद्याच्या माणसाला ती लगेच खटकेल. दोन्हींत सारखं काय आहे ते शोध. ग, न, प, म, र यांची वळणं खूप जवळची आहेत. बोरूचा कोन, रेषेची जाडी आणि टोकाचा काप दोन्हीकडे एकच ठेवलास तर शिरोरेषेशिवायही नातं कळेल. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि मुक्त वाणी, किंवा बलू २ आणि बलू भाई २ हे फॉन्ट शेजारी ठेवून बघ. या जोड्या देवनागरी आणि गुजरातीसाठीच बनवल्या आहेत आणि मोफत मिळतात. कच्ची रेखाटनं टाकून देऊ नकोस, मुलाखतीत मी तीच आधी मागते.
कॉफी शॉप काढ. तशी कामं प्रत्येकाकडे असतात.

रावपुऱ्याचे_काका
बेटा, मी छपाईतला माणूस, तेवढंच सांगतो. लोगो आधी एका रंगात, रबरी शिक्क्याएवढा करून बघ. बारीक उकार आणि अनुस्वार तिथे बुजतात. लेबलवर एफएसएसएआय नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि हिरव्या चौकोनातलं शाकाहारी चिन्ह यांना जागा ठेव. विद्यार्थ्यांच्या डिझाइनमध्ये हे हमखास राहून जातं. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत, आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. पडद्यावर चमकणारा पोपटी कागदावर मळकट दिसतो, म्हणून आधी एक प्रत काढून घे. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. चार रंग एकावर एक आले की रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरासं हललं तरी अक्षर दुहेरी दिसतं.

सुरसागर_काठी
पोस्टरांबद्दल: रहस्यपटाची तिन्ही ठेव. गाजलेल्या सिनेमाच्या नव्या पोस्टरला बघणाऱ्याच्या आठवणींची आयती मदत मिळते, त्यामुळे काम तुझं किती हे कळत नाही. मनातल्या सिनेमाला मात्र वातावरण, पात्रं, शीर्षक सगळं तुलाच उभं करावं लागतं.
शीर्षकाला फॉन्ट शोधू नकोस, अक्षरं हाताने काढ. बाबूराव पेंटरांचं १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर बघ. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट पोस्टरांत ते गणलं जातं. आणि आपण तर बडोदेकर! दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले. फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांपुढे वही घेऊन बस आणि चेहऱ्यावरचा उजेड नजर कुठे नेतो ते टिपून घे. रहस्यपटाच्या पोस्टरला याहून चांगला धडा मला माहीत नाही.
शिवाय तेच पोस्टर आडव्या बॅनरमध्ये आणि मोबाइलवरच्या छोट्या चौकोनात बसवून दाखव. हल्ली काम तसंच मागतात.

अक्षरवळण
सुरसागर, थोडं वेगळं मत. गाजलेल्यांपैकी एक राहू दे, मूळ पोस्टरपेक्षा कथेचा निराळा धागा पकडला असेल तरच. त्याखाली दोन ओळीत कारण लिही.

केशरी_शाई
सगळ्यांचे खूप आभार. कॉफी शॉप काढलं. गाजलेल्यांपैकी एक ठेवतेय, ज्यात नायक न दाखवता फक्त त्याचं रिकामं घर आहे. आज ग आणि न दोन्ही लिप्यांत एकाच बोरूने काढले, खरंच जुळतात! अडचण आता 'फ'ची आहे, गुजरातीत त्याचं रूप अगदीच वेगळं.

अक्षरवळण
'फ' जुळवायला जाऊ नकोस. जाडी आणि टोकाचा काप तेवढा सारखा ठेव, आणि दोन्ही पाट्या शेजारी लावून इथे टाक.