कागलजवळ बस अपघातात हात मोडला. दावा बेळगावात टाकता येतो का?

खानापूरची टेलर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, घरीच ब्लाऊज, फॉल-पिको करते. वय 38. कोल्हापूरला नणंदेकडून परत येताना आमची खाजगी बस कागलजवळ हायवेवर बंद पडलेल्या ट्रकला मागून धडकली. ट्रकला ना लाईट, ना रिफ्लेक्टर. आता बसवाले ट्रककडं बोट दाखवतात, ट्रकवाले बसकडं. माझं उजवं मनगट मोडलं, प्लेट घातली. मशीन पायाचं आहे, ते चालतं. पण कात्री धरवत नाही. कडीत अंगठा जातो, दाबला की कळ थेट खांद्यापर्यंत. अस्तरसुद्धा लेकीकडून कापून घ्यायलेय.

चार महिने होत आले. बसमालकाचा माणूस घरी येऊन 40 हजार देतो, स्टॅम्पपेपरवर सही करा म्हणायलाय. एफआयआर कागलला, मराठीत. दीर म्हणतात केस महाराष्ट्रातली, कोल्हापूरला हेलपाटे घालावे लागतील. खरं काय? पगाराची स्लिप कुठली असणार माझ्याकडं. मापं आणि पैसे लिहिलेली वही आहे तेवढी.

निपाणीवाला

घ्या अक्का 40 आणि मोकळ्या व्हा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आमच्या मामांची केस अजून तारखांवर चाललीय.

निवृत्त शिरस्तेदार

ताई, सही करू नका. त्या कागदावर "माझी कसलीही तक्रार उरली नाही" असं वाक्य असणारच. उद्या विमा कंपनीचा वकील तेच कोर्टात वाचून दाखवील.

दीर काळजीपोटी बोलले, पण तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अपघात झाला तिथं, तुम्ही राहता तिथं किंवा प्रतिवादी राहतो तिथं, कुठंही दावा टाकता येतो. तेव्हा बेळगाव चालतं. कागदपत्रं मात्र कन्नड किंवा इंग्रजीत करून घ्यावी लागतील. आपल्याकडं जन्मभर कन्नड कागद मराठीत समजून घेण्याची धडपड, तुमचं उलटं झालंय!

घाई दुसऱ्याच गोष्टीची करा. 2019 च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज टाकायची अट आली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर बसू नका. पुष्कळ जण अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला मिळेपर्यंत थांबतात. दाखला मागून देता येतो. अर्ज आधी.

बस की ट्रक, हे भांडण तुमचं नव्हे. तुम्ही तिकीट काढून सीटवर बसला होता. दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या प्रतिवादी करा. दोघांचीही चूक ठरली तर पूर्ण रक्कम कुणा एकाकडून वसूल करता येते, हे सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये स्पष्ट केलंय. आपसांतला हिशेब ते बघतील.

आता पैशाचं. डॉक्टर हाताचं अपंगत्व किती टक्के ते लिहितील, पण कमाई किती बुडाली हा वेगळा प्रश्न. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (2011) या निकालात नेमकं हेच आहे. मनगट आखडलेला वॉचमन आणि मनगट आखडलेली टेलर यांचं नुकसान सारखं कसं? नुसत्या अंदाजासाठी: महिना 12,000 कमाई, तुमच्या वयाला गुणक 15 (वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणतात तो), कमाईत 20 टक्के घट धरली तर 4,32,000 होतात. भविष्यातली वाढ, दवाखान्याचा खर्च, वेदनांची भरपाई त्यावर वेगळी, शिवाय व्याज. एवढंच मिळेल असं मी म्हणत नाही. 40 हजार कुठं बसतात ते बघा.

वकिलाची फी अडत असेल तर खानापूर कोर्टातल्या तालुका कायदा सेवा समितीकडं अर्ज द्या. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या टक्केवारीवाल्या एजंटापासून लांब राहा. आमच्या वऱ्हांड्यात तसले रोज दिसायचे.

निपाणीवाले, मामांची केस लोकअदालतीत ठेवायला वकिलांना सांगा. तडजोड तिथंही होते, पण न्यायाधीशांसमोर, आणि आकडा घरी आलेल्या माणसाच्या खिशातला नसतो.

कपिलेश्वर_रोड

मेडिकलच्या बिलावर पेशंटचं नाव घालून घ्या, बिननावाची बिलं आमच्या भावाच्या केसमध्ये बाजूला काढली. एक्स-रेची फिल्म पण जपा, रिपोर्ट एकटा पुरत नाही. प्लेट काढायची असेल तर त्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.

खानापूरची टेलर

काका, खूप आभार. त्या माणसाला नको म्हणून सांगितलं, तर म्हणतो 60 देतो. सोमवारी कोर्टात जाते. वही पेन्सिलीनं लिहिलेली आहे आणि गिऱ्हाइकांची नावं "पाटलीण, निळा खण" अशी. चालेल का?

निवृत्त शिरस्तेदार

न्या. पेनानं गिरवत मात्र बसू नका, आहे तशीच राहू दे. झेरॉक्स वकिलांकडं द्या, मूळ वही साक्षीच्या दिवशी. पाटलीणबाई साक्षीला येतील का तेवढं विचारून ठेवा.