५.५६ की ७.६२? मुलांना खरं कारण काय सांगायचं?

कोरेगावकर
साताऱ्यात एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या) मुलांची ग्रुप डिस्कशन घेतो. या आठवड्याचा विषय पायदळाच्या रायफलीचा आहे: गोळी ५.५६ मिमी व्यासाची हवी की ७.६२ची. उत्तर ठरलेलं: ५.५६ने शत्रू नुसता जखमी होतो, त्याला उचलायला दोघं लागतात, म्हणजे तिघं बाद. अतिरेकी जखमींना उचलत बसत नाहीत, म्हणून आता ७.६२. खरंच एवढंच आहे का? मग सैन्यात सिग ७१६ आणि एके-२०३ अशा दोन ७.६२च्या रायफली कशाला?

कृष्णाकाठ
सर, ती उचलाउचलीची गोष्ट आधी नोट्समधून काढा. ५.५६ आली ती वजन आणि धक्क्यापायी. ७.६२×५१ चा (दुसरा आकडा केसची, म्हणजे काडतुसाच्या नळीची, लांबी मिमीत) एक राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, साधारण २४ ग्रॅम, ५.५६×४५ चा १२. म्हणजे १४० राउंडच्या वजनात २८० बसतात, मॅगझिनचं वजन वेगळं. अमेरिकेची ७.६२ची एम-१४ व्हिएतनाममध्ये ऑटोवर (सलग गोळ्या झाडताना) हातात ठरत नव्हती, ते दुसरं कारण.

५.५६ ची खरी मर्यादा वेगात आहे. तिची ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या वर सुटते, जवळच्या पल्ल्यात शरीरात आडवी होऊन फुटू शकते. वेग साधारण ७५०च्या खाली गेला की फुटण्याचा भरवसा राहत नाही. बॅरल आखूड केली की ही वेळ आणखी लवकर येते. आखूड कार्बाइनबद्दलची तक्रार बरीचशी इथून येते, आणि दोष मात्र सगळा कॅलिबरला (गोळीच्या व्यासाला) लागतो.

मिरज_जंक्शन
'७.६२' म्हटलं की मुलं एकच गोळी समजतात. सिगची ७.६२×५१, एके-२०३ची ७.६२×३९. केसची लांबी वेगळी, एकीची दुसरीत चालत नाही. ×३९ चा राउंड १६-१७ ग्रॅमचा, वेग साधारण ७१५. तीनशे मीटरपर्यंत झाडोऱ्यात, गल्लीबोळात उत्तम; चारशेला गोळी ५.५६पेक्षा बरीच जास्त खाली येते, तिथं अंदाज चुकतो. ×५१ सहाशे मीटरपर्यंत काम करते. डोंगरात एका धारेवरून समोरच्या धारेवर मारायचं तर हीच. बदल्यात मॅगझिन २० चं आणि खांद्याला धक्का जास्त.

म्हणून दोन. सिग २०१९ मध्ये ७२,४०० मागवल्या, मुख्यतः सीमेवरच्या तुकड्यांसाठी. एके-२०३ चा करार २०२१ चा, ६ लाखांहून जास्त, अमेठीजवळ कोरव्यात बनणाऱ्या. मोठी संख्या कुणाची ते यातच दिसतं.

कोरेगावकर
मग सैन्याची जुनी ५.५६ची रायफल इन्सास वाईट होती ती कॅलिबरमुळे नाही?

कृष्णाकाठ
नाही. कारगिलच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकली, हा मॅगझिनच्या मालाचा दोष. बर्स्टची (एका दाबात तीन गोळ्यांची) यंत्रणा गुंतागुंतीची, हा रचनेचा. यातलं काहीच गोळीमुळे नाही. अमेरिकेच्या ५.५६च्या सुरुवातीच्या एम-१६ चंही तेच: काडतुसातली दारू बदलली, चेंबरला (राउंड बसतो त्या भागाला) क्रोम नव्हतं, साफसफाईचा संच पुरेसा दिला नाही, आणि रायफली अडकू लागल्या. रायफल, राउंड आणि मॅगझिन एकत्र तपासायचं असतं. मुलांना पुरावा मागायची सवय लावा: अडकली म्हणजे नेमकं काय? केस बाहेर पडली नाही, की पुढचा राउंड चढला नाही? पहिलं असेल तर आधी चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारा आकडा) बघायचा, दुसरं असेल तर मॅगझिन.

मिरज_जंक्शन
एक मुद्दा राहिला, पुरवठ्याचा. ७.६२×५१ घेतली की एमएमजी (मध्यम मशीनगन) आणि नेगेव्ह एलएमजीशी (हलक्या मशीनगनशी) गोळी जुळते, पण तिथं ती पट्ट्यात, इथं सुटी. ऐन लढाईत पट्टा सोडवून मॅगझिन भरणं वेळखाऊ आहे, 'सगळं एकच' म्हणताना हे विसरतात. ×३९ चा फायदा सरळ आहे. सैन्यात आधीपासून एके-४७ आहेत, त्यांच्याच साठ्यातून एके-२०३ ला राउंड मिळतात.