एमजी टीडीची वायर व्हील्स आणि दोन क्लबांचा वाद: संयुक्त प्रदर्शनाचे नियम कसे लिहावेत? (बडोदा)

सूरसागर_टीडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या जुन्या गाड्यांच्या दोन क्लबांबद्दल विचारतोय, नावं मुद्दाम लिहीत नाही. दोघे मिळून हिवाळ्यात एक प्रदर्शन भरवतात आणि दुसऱ्या दिवशी चांपानेरपर्यंत टायमिंगची रॅली काढतात. गेल्या खेपेला स्पोर्ट्स गटाची ट्रॉफी 1952 च्या एमजी टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीला मिळाली. गाडी वायर व्हील्सवर, म्हणजे तारांच्या स्पोकच्या चाकांवर, उभी होती. दुसऱ्या क्लबाचं म्हणणं, टीडीला कारखान्यातून वायर व्हील्स कधी आलीच नाहीत, तेव्हा ट्रॉफी रद्द करा. पहिला क्लब म्हणतो, नियमात तसं कुठे लिहिलंय? रॅलीतही ओडोमीटरवरून वाजलं. आता दोघांनी एकाच रविवारी वेगवेगळे कार्यक्रम जाहीर केलेत, आणि एकाच्या फॉर्मवर ‘अन्य क्लबाच्या सदस्यास प्रवेश नाही’ असं छापलंय. त्यातच एका क्लबात दोन जण स्वतःला सचिव म्हणवतात.

पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र यायचं तर नियम कसे लिहायचे? स्पोर्ट्स कार म्हणायचं कशाला? आणि सरकारची ‘व्हिंटेज’ची व्याख्या इथे लावता येते का?

पानापेटी

चाकांबद्दल दुसरा क्लब बरोबर आहे. टीडीच्या आधीच्या टीसीला 19 इंची वायर व्हील्स होती. टीडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग आलं, त्यासोबत 15 इंची पत्र्याची डिस्क चाकं आली. पहिल्या थोड्या गाड्यांना बिनभोकांची, नंतर भोकांची. वायर व्हील्सचा पर्याय परत मिळाला तो टीडीनंतरच्या टीएफला. त्यामुळे टीडीवर दिसणारी वायर व्हील्स नंतर दातेरी हब घालून बसवलेली असतात. दिसतात सुरेख, पण मूळची नाहीत.

तरी नुसत्या चाकांवरून ट्रॉफी काढून घेणं मला पटत नाही. चाकं अर्ध्या दिवसात बदलता येतात. इंजिन, चॅसिस आणि बॉडी एकमेकांची आहेत की तीन गाड्यांची मिळून एक केलीय, हे आधी बघायला हवं. टीडीचा चॅसिस नंबर समोर डाव्या बाजूच्या चॅसिसच्या शिंगावर ठोकलेला असतो. वर रंगाचा जाड थर असेल तर मालकाकडूनच तो साफ करून घ्या, परीक्षकाने हात लावू नये. इंजिनावर अष्टकोनी पितळी पट्टी असते, त्यावर एक्सपीएजी हे इंजिनाच्या प्रकाराचं नाव आणि पुढे नंबर. नवी कोरी पट्टी दिसली म्हणजे लबाडी, असं लगेच धरू नका. पट्ट्या विकत मिळतात आणि जुन्या हरवतातही. मात्र तशी नोंद तपासणीच्या कागदावर झालीच पाहिजे.

एक्सपीएजी इंजिन ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे बोल्ट. गाडी इंग्रजी, पण या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे, 8 मिमी बोल्ट 1.0 पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मिमीत). त्यांच्या डोक्याला पाव इंची व्हिटवर्थ पाना लागतो, म्हणजे साधारण 13.3 मिमी. तेरा नंबरचा पाना त्यावर चढत नाही आणि चौदाचा घसरून कोपरे गोल करतो. हार्डवेअरच्या दुकानातला 8 चा बोल्ट 1.25 पिचचा असतो आणि त्याला तेराचाच पाना बसतो. म्हणून चेंबरच्या बोल्टवर तेराचा पाना घट्ट बसला तर तो बोल्ट बाजारातला. मग खालचे आटेही मारून बसवले असण्याची शक्यता फार, आणि तिथून तेल गळतं. परीक्षकाने पाना फक्त डोक्यावर चढवून बघावा, फिरवू नये.

आता सुरक्षेचं. यात क्लबांचा मान-अपमान आणू नका. वायर व्हीलच्या गाडीत उजव्या बाजूच्या हबला डावे आटे असतात आणि डाव्या बाजूच्या हबला उजवे. गाडी पुढे जाताना नट आपोआप घट्ट होत राहावा म्हणून ही योजना. दुरुस्तीत हब डावे-उजवे अदलाबदल झाले की तोच नट चालताना सैल होत जातो आणि चाक निघतं. नटावर ‘अनडू’ शब्द आणि बाण असतो. तो बाण चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा. दोन्ही बाजूंना हे बघायला दोन मिनिटं लागतात. शिवाय प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारा. ताणलेला स्पोक खणखणतो, सैल असेल तो बद्द वाजतो. आणि चाक काढून हबचे दात बघा. दातांची टोकं सुरीसारखी धारदार झाली असतील तर ती गाडी प्रदर्शनात उभी राहू दे, रॅलीत नको.

न्यायमंदिर_रोड

व्याख्येचं बोलतो, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

सरकारी नियम आणि क्लबाची वर्गवारी एकमेकांत मिसळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये 81-ए ते 81-जी हे नियम आले. त्यांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी, बिगरव्यापारी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज, मात्र चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढे नूतनीकरण 5,000. नव्या नोंदणीला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेली गाडी मूळ नंबर ठेवू शकते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर काढायची, रोजच्या वापराला नाही.

फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाची अट 30 वर्षांची, आणि त्यांच्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली गाडी. 1973 ची एमजीबी सरकारदरबारी व्हिंटेज, फिवाच्या तक्त्यात मात्र तो शब्दच तिला लागत नाही. नियमावलीत ‘व्हिंटेज’ आणि ‘क्लासिक’ हे शब्दच वापरू नका, सालं लिहा: 1945 पर्यंत, 1946 ते 1960, 1961 ते 1970, 1971 नंतर. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

स्पोर्ट्स गटासाठी माझी सूचना अशी. कारखान्याने दोन आसनी, किंवा मागे नावापुरती बैठक असलेली, उघडी किंवा कूपे म्हणून विकलेली गाडी. टीसी, टीडी, एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, सनबीम अल्पाइनची दोन आसनी, जॅग्वार एक्सके आणि ई-टाइप सरळ बसतात. अडचण येते ती छप्पर काढलेल्या गाड्यांची. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचं छप्पर बोल्टवर बसतं, त्यामुळे ते काढून उघडी केलेली हेराल्ड बघायला मिळते. छप्पर कापलेल्या फियाट 1100 सुद्धा येतात. त्यांना हाकलू नका, त्यांच्यासाठी ‘फेरफार केलेल्या गाड्या’ असा वेगळा गट आणि वेगळी ट्रॉफी ठेवा. फेरफार गाडीच्या काळातलाच असेल तर एक तक्ता, आजचा असेल तर दुसरा.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला 21 गन सॅल्यूट कॉनकोर (जुन्या गाड्यांची परीक्षण-स्पर्धा) झाला, तेव्हापासून आपल्या लोकांना परीक्षणाचा दर्जा माहीत झालाय. स्थानिक कार्यक्रमात नियम ऐन वेळी तोंडी सांगितलेले आता कोणी खपवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

पानापेटी

वरच्याला जोड म्हणून गुणांचं. 100 पासून वजा करत या: यांत्रिक भाग आणि नंबर 40, बॉडी आणि रंग 25, आतली बैठक, डॅशबोर्ड आणि मीटर 20, चाकं आणि टायर 10, कागदपत्रं 5. कारखान्याने न दिलेली चाकं असतील तर 10 पैकी 6 वजा, टायरचे उरलेले 4 वेगळे तपासा. सीट बेल्ट, इंडिकेटर, अग्निशामक सिलिंडर आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच यांसाठी एकही गुण कापू नका, नाहीतर लोक ट्रॉफीपायी सुरक्षेच्या वस्तू काढून ठेवतात. डिस्ट्रिब्युटरच्या आत लपवलेली इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आमच्या उन्हाळ्यासाठी लावलेला विजेचा पंखा, यांना प्रत्येकी एक गुण वजा. 1965 च्या एमजीबीत डायनामोच्या जागी अल्टरनेटर असेल तर दोन गुण वजा, कारण या गाडीत तो आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडणं) 1967 च्या अखेरीस मार्क टू सोबत आले. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला बॅटरीजवळ ठळक चिठ्ठी लावायला सांगा. रॅलीत कोणी मदतीच्या भरात जंपर केबल उलट जोडली तर नुकसान ठरलेलं.

टुलिपबुक

रॅलीचं भांडण गणिताचं आहे. टायर मूळ मापापेक्षा 2 टक्के लहान असेल तर चाक जास्त फेरे घेतं आणि 50 किमीवर ओडोमीटर 51 दाखवतो. सरासरी 40 चा वेग दिला असेल तर 1 किमी म्हणजे 90 सेकंद. दर सेकंदाला दंड असेल तर मूळचे क्रॉसप्लाय टायर सोडून मापाने लहान रेडियल घातलेला माणूस विनाकारण मागे पडतो. ओडोमीटर तपासायला सुरुवातीला मोजलेला टप्पा द्या, आणि तो 10 किमीचा द्या. जुना मीटर दशांशापर्यंतच वाचता येतो, 5 किमीत 100 मीटरची चूक म्हणजे परत 2 टक्केच झाले. इंग्रजी गाड्यांचे मीटर मैलांत असतात, म्हणून मार्गपुस्तिकेत किमी आणि मैल दोन्ही रकाने हवेत. हे बघितलं नाही की टीडीवाले अर्धा वेळ 1.609 ने भागत बसतात.

वेळ नोंदवणारी गुप्त चौकी वाटेतल्या हलोल गावात किंवा टोलनाक्यापासून 2 किमीच्या आत ठेवू नका, तिथला उशीर चालकाच्या हातात नसतो. लवकर पोचण्याला उशिरापेक्षा दुप्पट दंड लावा, म्हणजे कोणी गाडी पळवणार नाही. चौक्यांवर दोन्ही क्लबांचा एकेक माणूस, घड्याळ एकच, वेळपत्रिकेवर सही तिथल्या तिथे.

सूरसागर_टीडी

फार उपयोगाचं, आभार. दोन गोष्टी राहिल्या. गेल्या वेळची ट्रॉफी परत मागायची का? आणि सचिव दोन असतील तर करार कोणाशी करायचा?

न्यायमंदिर_रोड

ट्रॉफी परत मागू नका. त्या दिवशी जे नियम होते त्यात चाकांचा उल्लेख नव्हता, नियम मागच्या तारखेने लावता येत नाही. पुढच्या वर्षीपासून हरकतीची मुदत निकाल फलकावर लागल्यापासून 30 मिनिटं, हरकत लेखी, अनामत 1,000 रुपये, हरकत मान्य झाली तर अनामत परत. निवाडा तिघांनी करायचा: दोन्ही क्लबांचा एकेक आणि तिसरा अहमदाबाद किंवा इंदूरचा, ज्याची स्वतःची गाडी त्या गटात नाही. नंतर व्हॉट्सअॅपवर आलेली हरकत धरायची नाही.

सचिवाचं उत्तर कागदावर मिळेल. आपल्याकडे संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली की 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते. पदाधिकारी बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. चॅरिटी कमिशनरच्या कचेरीतून पीटीआरचा, म्हणजे न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढा. त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्याशीच करार करा. चेंज रिपोर्टवर वाद चालू असेल तर दोन्ही गटांची सही घ्या, किंवा त्या वर्षी त्या क्लबाला पैशाच्या व्यवहारातून बाहेर ठेवून फक्त गाड्या बोलवा. प्रवेश फी आणि प्रायोजकांचे पैसे दोन सह्यांच्या वेगळ्या खात्यात जमा करा.

आणि ‘अन्य क्लबाच्या सदस्यास प्रवेश नाही’ ही ओळ आधी काढून टाका. चालण्याच्या स्थितीतली टीसी-टीडी शहरात मुळात मोजकी, आणि बरेच मालक दोन्हीकडे वर्गणी भरतात. प्रवेश गाडीच्या चॅसिस नंबरवर द्या, सदस्यत्वावर नको. फॉर्मवर क्लबाचा रकाना ठेवायचाच असेल तर तो परीक्षकांच्या प्रतीत छापू नका. तारखेसाठी दोघांनी दिवाळीपूर्वी पत्र देऊन रविवार ठरवावा, कारण पोलिसांची परवानगी आणि जागा त्यानंतर मिळणं अवघड जातं.